एकशे बाराव्या पानावरची मोकळी ओळ

मला ग्रीक येत नाही. लॅटिन येत नाही, अरबी येत नाही, आणि ज्यांची कामं मी जन्मभर केली त्यांची जर्मनही येत नाही. तरी या भाषांमधली साठ-सत्तर जाडजूड पुस्तकं माझ्या हातून बाहेर पडलीत आणि जर्मनीतल्या कुठल्या कुठल्या विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसलीत. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे तुम्ही नक्की करत काय होता?" पणदऱ्यात आमच्या भावकीत अजून समज आहे की मंगल बारामतीला जर्मन कंपनीत टायपिंगला होती. मी कुणाला समजावत बसत नाही. पण या अंकाच्या संपादकांनी "कामाबद्दल लिहा" म्हणून पिच्छाच पुरवला, तेव्हा म्हटलं, एकदाचं सांगून टाकावं. गेल्या वर्षी मी काम सोडलं, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. एक मोठी चूक होती, तीही सांगते.

लासुर्ण्याचं माहेर, पणदऱ्याचं सासर आणि बारामतीत नोकरी, एवढ्यात माझं आयुष्य बसतं. लग्नाआधी डीटीपी शिकले होते, म्हणून एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि साखर कारखान्यांचे अहवाल करत होते. तिथेच दिलीपराव भेटले. इंदापूरकडचा माणूस, घरची डाळिंबाची बाग, पण डोक्यात कायम काहीतरी खूळ. त्यांनी कुठूनशी एका जर्मन प्रकाशकाची कामं मिळवली आणि दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्हा बारा जणींना तिथं बसवलं. इंग्रजी पुस्तकं सगळ्यांनाच जमायची. ग्रीकचं पहिलं पान आलं तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी वयानं मोठी आणि तोंडानं फटकळ. दिलीपराव म्हणाले, "ताई, अक्षरंच हायती. कारखान्याचा अहवाल बसवला तुमी, मग ह्ये न्हाय व्हय जमणार?"

जमलं. ग्रीक अक्षरांच्या डोक्यावर कधी एक काडी असते, कधी काडी आणि आकडा, कधी त्या दोन्हींवर टोपी. मी ती सगळी रूपं वहीत काढून पाठ केली, जशा लहानपणी रांगोळ्या पाठ केल्या होत्या. अरबीसाठी नसरीन आली. बारामतीचीच मुलगी, लहानपणी कुराण वाचायला शिकलेली. तिला अरबी घडाघडा वाचता यायची, अर्थ मात्र लागायचा नाही. म्हणजे दोघी मिळून आम्ही चार भाषा करायचो आणि कळत त्यातली एकही नव्हती.

लोकांना यात हसू येतं. पण खरं सांगू का, न कळणं हीच आमची मिळकत होती. ज्याला भाषा येते तो पानावर काय असायला हवं ते वाचतो. मला दिसायचं फक्त काय आहे ते. जर्मनीतल्या मोठमोठ्या पंडितांच्या नजरेतून सुटलेली काडी मी पकडून दिली आहे, आणि त्यांनी आभाराचे मेल पाठवलेत. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

आता ही पुस्तकं कसली, तेही सांगायला हवं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी ग्रीक माणसानं पुस्तक लिहिलं. त्याच्या हातचा कागद कधीच गेला. उरल्या त्या नकला, नकलांच्या नकला, आणि दर नकलेत थोडा थोडा फरक. कुणी ओळ गाळली, कुणी पदरची घातली. हे जर्मन प्रोफेसर लोक त्या सगळ्या नकला समोर ठेवतात, शब्दाशब्दाला ताडून बघतात आणि मुळात काय असेल ते ठरवतात. मग पानावर वर त्यांनी ठरवलेला मजकूर, आणि खाली बारीक टाइपात कुठल्या नकलेत काय वेगळं आहे त्याची नोंद. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा विचारलं तेव्हा मी सातबाऱ्याचा दाखला दिला. वर आज जमीन कुणाच्या नावावर ते, आणि खाली फेरफारांचे नंबर. ते त्यांना लगेच पटलं. "मंजी भांडणं खाली," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अगदी बरोबर.

एकदा या लोकांमधले एक जण थेट बारामतीला आले. लॅटिनवाले, उंच, घाऱ्या डोळ्यांचे. हिवाळ्याचे दिवस होते, म्हणून दिलीपरावांनी त्यांना भिगवणला फ्लेमिंगो बघायला नेलं आणि मला दुभाषी म्हणून सोबत घेतलं. माझं इंग्रजी मेलमधलं. तोंडातून येताना त्याची गाळण उडायची. पक्षी त्यांनी दहा मिनिटं बघितले. मग जेवायला एका मच्छीच्या हॉटेलात बसलो, तर टेबलावर दोन मेनूकार्डं होती, एक जुनं कळकट आणि एक नवं. हे गृहस्थ दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बोटानं ओळ न् ओळ ताडायला लागले. वाचता एक अक्षर येत नव्हतं. पाच मिनिटांनी म्हणाले, "जुन्यातली चौथी ओळ नव्यात नाही. आणि नव्यातली दुसरी ओळ जुन्यात नाही. का?"

मी बघितलं. जुन्यात वाम होती, नव्यात चिलापी. हॉटेलवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "पयल्यासारखी वाम गावत न्हाय हितं. आता समदीकडं चिलापीच हाय. म्हनून कार्ड बदाललं."

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या माणसाचा चेहरा असा खुलला की फ्लेमिंगो बघून खुलला नव्हता. मला म्हणाले, "बघा, आमचं काम एवढंच आहे. दोन नकलांत फरक दिसला की मधे काहीतरी घडलेलं असतं." इतकी वर्षं ज्यांची पानं बसवत होते त्यांचा धंदा मला त्या दिवशी भिगवणच्या हॉटेलात कळला.

सगळेच असे गोड नव्हते. ग्रीकच्या एक बाई होत्या, त्या प्रूफ कागदावर मागवायच्या आणि पट्टीनं मोजायच्या. दोन शब्दांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं जास्त भरलं की तिथे लाल टिकली. एका पुस्तकाला त्यांनी एवढ्या टिकल्या मारल्या की आमच्या मुलींनी त्यांचं नाव गोवरबाई ठेवलं. मी एकदा चिडून त्यांना लिहिलं की आमच्याकडे पट्टी आहे, पण तुमच्या पट्टीइतकी बारीक नाही, तुमचीच पाठवा. बाईंनी खरंच पाठवली. ती मी शेवटपर्यंत वापरली.

पण मला सांगायचंय ते आबांचं.

त्यांचं नाव प्रोफेसर क्रेमलिंग. अरबी आणि ग्रीक दोन्हींतले. वय ऐंशीच्या पुढे, म्हणून दिलीपरावांनी त्यांना आबा करून टाकलं, आणि ऑफिसात तेच नाव रूढ झालं. त्यांच्या वतीनं मेल लिहायची त्यांची जुनी विद्यार्थिनी उटे. सांगायचे आबा, लिहायची ती. पहिल्या दोन ओळींत तिकडच्या हवेची बातमी, पुढच्या दोन ओळींत आमचं कौतुक आणि त्याखाली चाळीस चुका.

त्यांचं पुस्तक फळझाडांवरचं होतं. मूळ ग्रीक हरवलेलं. हजारएक वर्षांपूर्वी कुणी तरी त्याचं अरबीत भाषांतर केलं, त्याच्या तीन नकला तीन देशांत सापडलेल्या. आबांनी त्यांना अ, ब, क अशी नावं दिली होती. चाळिशीत हात घातलेलं काम, चाळीस वर्षं चालू होतं. त्यात डाळिंबावर एक प्रकरण होतं. उटेनं मला त्याचा अर्थ इंग्रजीत कळवला, कारण दिलीपरावांनी मुद्दाम विचारायला लावलं होतं. एकशे बाराव्या पानावर असं होतं: डाळिंबाला झाडावरच तडे जात असतील तर उपाय असा. त्यानंतर एक अख्खी ओळ मोकळी. आणि त्याखाली: हे तीन दिवस करावे.

दिलीपरावांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या बागेत त्या वर्षी तडकलेल्या फळांचा खच पडला होता. "आयला, औषध तेवढं बरं गायब? ताई, आबांना इचारा की, मोकळ्या जागंत काय आसंल."

मी विचारलं. आबांचं उत्तर आलं, की मीही चाळीस वर्षं तेच विचारतोय. मग त्यांनी समजावलं. नक्कल करणाऱ्याच्या समोरचा जुना कागद तिथे कसरीनं खाल्लेला असणार. दुसरा कुणी असता तर त्यानं मनानं काहीतरी ठोकून दिलं असतं. या माणसानं जेवढी जागा खाल्ली होती तेवढी कोरी सोडली आणि पुढे लिहायला लागला. "जे मला दिसलं नाही ते मी लिहिलं नाही, असं तो आपल्याला सांगतोय," आबांनी लिहिलं होतं. "या पुस्तकातल्या सगळ्या माणसांत मी त्याला सर्वांत जास्त मानतो."

म्हणजे बघा, ती ओळ मला माहीत होती. तिची गोष्ट माहीत होती. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायला कुणाला जागा नको.

पुस्तकाच्या शेवटी ऐंशी पानांची शब्दसूची होती. प्रत्येक अरबी शब्द, आबांनी ठरवलेला त्याचा ग्रीक जोडीदार आणि तो कुठल्या पानावर कितव्या ओळीत आहे ते आकडे. आबांनी ती दुसऱ्या प्रूफावरून स्वतः केली, भिंग लावून, एक अख्खा हिवाळा. उटे सांगायची की मजकूर फार थोडे लोक वाचतील, पण ही सूची जगातला प्रत्येक अरबी पंडित उघडेल. आणि घाई होती. आबांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता, मधलं दिसणं चाललं होतं, फक्त कडेचं शिल्लक होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारीक टाइप वाचायचे आता थोडेच महिने. आपलं छापलेलं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचायचं, एवढीच त्या माणसाची मागणी होती. छापखान्यात तारीख धरून ठेवलेली होती. आबांनी दुसरं प्रूफ बघून "छापायला हरकत नाही" असं कळवलं आणि पुस्तक आमच्याकडे शेवटचा हात फिरवायला आलं.

शेवटचा हात म्हणजे झाडलोट. मशीन सगळं पुस्तक तपासतं, जिथे जिथे नको ती मोकळी जागा दिसेल तिथे पिवळी खूण करतं आणि विचारतं, काढू का? मी म्हणत जाते, काढ. असल्या शंभरेक खुणा होत्या. काढ, काढ, काढ. त्यातली एक एकशे बाराव्या पानाची होती. मी तिलाही काढ म्हटलं असणार. असणार म्हणते, कारण मला आठवतसुद्धा नाही. मशीननं ती ओळ मिटवली, खालचा मजकूर एकेक ओळ वर सरकला आणि प्रकरण संपेपर्यंत चौदा पानं तशीच सरकत गेली. खालच्या बारीक नोंदी मशीन आपोआप सोबत सरकवतं, त्यामुळे पानं दिसायला देखणी. फाईल छापखान्याकडे गेली.

आमच्या ऑफिसात एक रिवाज होता. फाईल गेल्यावरही सूचीतले वीस शब्द कसेही निवडायचे आणि दिलेल्या पत्त्यावर जाऊन ते घरी आहेत का बघायचं. हा रिवाज मीच पाडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी नसरीन तेच करत बसली होती. तिनं हाक मारली.

"ताई, ह्यो शब्द घरी न्हाय."

"नीट बघ."

"बगितलं की. शेजारी सापडला, वरच्या वळीत. दुसरा बगितला, त्योबी वरच्याच वळीत."

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तिसरा शब्द, चौथा शब्द, सगळे एकेक ओळ वर जाऊन बसलेले. मग एकशे बारावं पान उघडलं. तिथल्या ओळी मला आकारावरून ओळखू यायच्या. "उपाय असा", आणि लगेच खाली "हे तीन दिवस करावे". मधे काही नाही. नसरीनला अर्थ कळत नव्हता, पण माझं तोंड बघून ती खुर्चीवरून उठली आणि मला बसायला लावलं.

दिलीपरावांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी छापखान्याशी बोलून घेतलं. छपाई दोन दिवसांनी सुरू होणार होती. थांबवता येत होती, पण मग पुढची तारीख आठ आठवड्यांनी.

"ताई, आठ आठवडं," ते म्हणाले. "तवर आबांचं डोळं ऱ्हातील का?"

मी कॅलेंडरवर आठ आठवडे मोजले.

"चौदा पानांतलं शब्द एक वळ इकडं-तिकडं. त्ये पंडित लोकं, वरच्या वळीला नजर टाकतील की. आन् ती मोकळी वळ... दुसऱ्या आवृत्तीत घालू. म्हाताऱ्याला पुस्तक बगू द्या."

"दुसरी आवृत्ती कधी येते हो असल्या पुस्तकांची?" मी विचारलं. "मी तरी पाहिली नाही एकही."

"न्हाय येत," ते म्हणाले. "ठावं हाय मला."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी तोंडातून काढली नाही, ती मला कळत होती. एवढी मोठी चूक कबूल केली तर प्रकाशक काम काढून घेईल, आणि आम्ही बारा जणी होतो. मी पर्स उचलली आणि एसटीनं घरी गेले.

आत्याबाई गोठ्यात धारा काढत होत्या. मी तिथेच कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. सातबाऱ्याची उपमा पुन्हा कामी आली. म्हटलं, एका माणसाचं आयुष्यभराचं काम आहे. खरं सांगितलं तर ते नीट होईल, पण त्याला दिसणार नाही. गप्प बसले तर त्याला दिसेल, पण ते खोटं असेल. काय करू?

त्यांनी धार थांबवली नाही. "पुस्तक कुणाचं?"

"त्यांचं."

"डोळं कुणाचं?"

"त्यांचेच."

"मग तू आन् तुजा सायेब कशापायी ठरीवताय? त्यांला इचार की."

इतकं सोपं होतं. दोन शिकलेली माणसं दुपारभर डोकं धरून बसलो होतो आणि आम्हाला हे सुचलं नव्हतं. मला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला.

सकाळी दिलीपरावांना सांगून मी मेल लिहिला. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत, सरळ. एकशे बाराव्या पानावरची मोकळी ओळ मी बंद केली. चूक मशीनची नाही, माझी आहे. चौदा पानं हलली आहेत. थांबवलं तर आठ आठवडे उशीर होईल. तुम्ही सांगाल तसं करू. "पाठवा" म्हणण्याआधी तो तीनदा वाचला.

दुपारी उटेनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर ती आणि तिच्या शेजारी आबा. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. किडकिडीत, पांढरे शुभ्र केस, आणि बोलताना मान थोडी तिरकी, कारण समोरचं त्यांना कडेच्या नजरेनं बघावं लागे. मी उभीच राहिले. वाटलं, आता आपली खरडपट्टी.

आबा हसत होते. आधी गालात, मग खांदे हलेपर्यंत. उटे आम्हाला सांगायला लागली. मोकळी ओळ फक्त अ आणि ब या नकलांत आहे. क मध्ये ती नाही. क लिहिणारा माणूस चारशे वर्षांपूर्वीचा, अक्षर मोत्यासारखं, पान आरशासारखं. त्याला मधली कोरी जागा घाण वाटली, म्हणून त्यानं ती बंद करून टाकली. हे सिद्ध करायला आबांची दोन वर्षं गेली होती. त्यांनी त्या माणसाचं नावच ठेवलं होतं, नीटनेटका.

मग आबा स्वतः बोलले, सावकाश इंग्रजीत, मला कळेल असं. "मॅडम, जगात तीन नकला होत्या. आता चौथी झाली, बारामतीची. आमच्या पद्धतीप्रमाणे तिला वंशावळीत नीटनेटक्याच्या खाली बसवावं लागेल. तुम्ही त्याच्या घराण्यातल्या."

दिलीपराव मोठ्यानं हसले. नसरीनही हसली. मला हसता येईना, कारण मूळ प्रश्न तसाच होता. मी विचारलं, "सर, थांबवायचं की छापायचं?"

"थांबवायचं," आबा म्हणाले. विचार करायला त्यांना क्षणही लागला नाही. "पहिल्या माणसानं कोरी सोडलेली जागा मी बंद करून छापली, तर मी चाळीस वर्षं केलं काय?"

"पण तुमचे डोळे," मी म्हटलं.

"ते माझं मी बघतो," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन पुन्हा हसले.

आणि त्यांनी एक अट घातली. बदललेलं पान मी स्वतः पाहिल्याशिवाय पुन्हा परवानगी देणार नाही. उटेनं पाहून सांगितलेलं चालणार नाही. हा त्यांच्या जमातीचा जुना नियम आहे, की जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही. तीन नकला बघायला हा माणूस तीन देश फिरला होता, दुसऱ्याच्या फोटोवर विसंबला नव्हता.

ओळ परत घालायला मला दोन मिनिटं लागली. चौदा पानं आपापल्या जागी गेली. सूचीतले शब्द घरी परतले, ते मात्र मी वीस नाही, त्या चौदा पानांतले सगळेच्या सगळे तपासले. प्रकाशकाचं एक खरमरीत पत्र आलं, पण काम गेलं नाही. मात्र छापखान्याचं शेवटचं प्रूफ सहाव्या आठवड्यात निघालं, आणि उटेचा मेल आला. आबांना आता पान वाचता येत नाही. पडद्यावर मोठं करून दाखवलं तर एका वेळी दोनच शब्द मावतात, आणि उजेडानं डोळ्यांत पाणी येतं. अख्खं पान एकदम दिसायला हवं. परवानगी अडलीय.

मेल मी मोठ्यानं वाचून दाखवला. दिलीपराव खिडकीतून बाहेर बघत होते. आमच्या खिडकीतून चौक दिसतो, आणि बारामतीच्या चौकात काय असतं ते बारामतीकराला सांगायला नको. कुणाच्या तरी वाढदिवसाचा, पंधरा फुटी, गॉगल लावलेला.

"ताई," ते म्हणाले, "फ्लेक्स."

तिकडे जर्मनीतही मोठं छापता आलं असतं, नाही असं नाही. पण सुचलं आम्हाला. खालीच फ्लेक्सचं दुकान होतं. दुकानदार बाळासाहेब, त्यांनी एकशे बारावं पान कॉम्प्युटरवर उघडलं आणि डोकं खाजवलं.

"ह्ये अरबी हाय व्हय? कार्यक्रम कुठला?"

"कार्यक्रम नाही. एवढंच छापायचं. सहा फूट रुंद, नऊ फूट उंच."

"फोटू?"

"फोटो नाही."

"आसं कसं, ताई? ही मदी मोकळी पट्टी सुटलीया की. फोटू न्हाय तर न्हाय, दोन फुलं तरी टाकतो. बरं दिसंल."

मी त्यांच्या हातातला माउस काढून घेतला. म्हटलं, बाळासाहेब, त्या पट्टीला हात लावाल तर बघा. त्यांनी हात वर केले. नीटनेटक्याचं घराणं किती मोठं आहे ते मला तेव्हा कळलं.

फ्लेक्स गुंडाळून कुरिअरनं गेला. पुढचं काय झालं ते आधीच सांगते. पुस्तक पावसाळ्यात छापून आलं आणि ते आबांना वाचता आलं नाही. उटेनं कळवलं की ते मांडीवर घेऊन बसतात, पानांचा वास घेतात आणि तिच्याकडून सूचीतले शब्द वाचून घेतात. आबा अजून आहेत. दर दिवाळीला त्यांचा मेल येतो. या गोष्टीची मला खंत आहे, आणि ती राहणार. माझं एक बोट जिथे पडायला नको होतं तिथे पडलं, म्हणून त्या माणसाच्या डोळ्यांना ते पुस्तक मिळालं नाही. दुसरी खंत लहान आहे. एवढी वर्षं हाताळून मी अरबीतला एक शब्दही शिकले नाही. नसरीन शिकली. आता तिला अर्थ लागतो, आणि तिचं म्हणणं, त्यामुळे तिच्या चुका वाढल्यात.

पण छपाईच्या आधीचा तो दिवस मात्र माझा आहे. आबांच्या घराचं छत ठेंगणं, नऊ फूट कुठे मावणार? म्हणून उटेनं आणि एका शेजाऱ्यानं फ्लेक्स इमारतीच्या जिन्यात वरच्या मजल्याच्या कठड्याला बांधून खाली सोडला. दुपारी कॉल आला. आम्ही तिघं पडद्यासमोर गोळा झालो. आबा जिन्याच्या तळाशी उभे होते, मान तिरकी करून, पाठीवर हात बांधून. दोन पावलं मागे गेले, एक पुढे आले आणि जागा सापडल्यावर मोठ्यानं वाचायला लागले. म्हातारा आवाज, पण खणखणीत. नसरीन आमच्या प्रतीवर बोट ठेवून मागोमाग चालली होती आणि दर ओळीला मान डोलवत होती.

बाराव्या ओळीशी आवाज थांबला.

"नेट गेलं वाटतं," दिलीपराव कुजबुजले. नसरीननं हात वर करून त्यांना गप्प केलं. पडद्यावर मागे एक बाई भाजीची पिशवी घेऊन जिना उतरत होती, म्हणजे नेट होतं. आबांना पाहून ती मधल्याच पायरीवर उभी राहिली. एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आबा त्या कोऱ्या जागेकडे बघत गप्प राहिले, आणि मग तेराव्या ओळीपासून पुढे वाचू लागले. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

पान संपलं. ते आमच्याकडे वळले नाहीत, फ्लेक्सकडेच बघत होते.

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "छापा."